बाबांचा उजवा हात

३ नोव्हेंबर

दिवसभरात सोळा चित्रं. सोळाच! पण बाबा चालायला लागले. कागदांची चळत बोटांत धरून फडफडवली आणि चालले की — मान जरा पुढे, उजवी चप्पल किंचित घासत. माझ्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधला म्हातारा लाइनमन आता असाच चालणार.

बाबा काही म्हातारे नाहीत. एकोणसाठ. रिटायर व्हायला नऊ महिने आहेत. "माझं चालणं काय बघायचंय?" म्हणत काल आमच्या लखनऊच्या कॉलनीतल्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या. मी मोबाइलवर शूट केलं.

संध्याकाळी राघवचा फोन. फिल्मचा आवाज तोच बघतोय. "यार मुक्ता, पहिलं आणि शेवटचं चित्र तू काढ, बीचवाले मशीन से निकलवा ले. सात मिनिटांची फिल्म आहे, बुढ्ढी हो जाएगी!"

नाही. मधल्या चित्रांतच तर माणूस असतो. पाऊल उचललं, पाऊल टेकलं — हे सगळ्यांचं सारखंच. मध्ये काय होतं, तो खरा माणूस.

५ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय. पाय बरोबर आहेत, तरी चाल अडखळल्यासारखी दिसते. तीनदा पुसलं. कागद फाटला.

६ नोव्हेंबर

हात! उजवा हात हलतच नाहीये!

आधी वाटलं, माझीच चूक. व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. चूक नाही. डावा हात पुढे-मागे जातोय, उजवा अंगाला चिकटलेला. सोळाच्या सोळा चित्रांत एकाच जागी. मी स्वतः काढलाय आणि मला दिसला नाही!

मग कपाटातून २०२३चा गठ्ठा काढला. तेव्हाही सरावासाठी बाबांचीच चाल काढली होती. फडफडवला. दोन्ही हात मस्त झुलताहेत.

नेटवर शोधलं. शोधायला नको होतं. एकच शब्द परत परत वर येतोय — पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात.

सगळं बंद करून गठ्ठा परत कपाटात ठेवला.

७ नोव्हेंबर

एकही चित्र नाही. बाबा डाव्या हाताने चहा पितात. कधीपासून?

९ नोव्हेंबर

जेवताना सांगून टाकलं. दोन्ही गठ्ठे ताटांशेजारी ठेवले, आधी जुना फडफडवून दाखवला, मग नवा.

बाबा भडकलेच. "कागदावरून रोग काढतेस? चित्रकार आहेस की ज्योतिषी? मला काहीही झालेलं नाही!" आणि ताटावरून उठले. बाबा! जे पानात शीतसुद्धा टाकू देत नाहीत, ते!

आई बराच वेळ नव्या गठ्ठ्याकडे बघत बसली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, जाऊन तर येऊ. काही नसेल तर हिला रागवा."

१४ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

अकराची वेळ होती. न्यूरोलॉजिस्ट बाई साठीच्या, शांत. बाहेर बसलो असताना बाबांचा फॉर्म आईनेच भरला. बाबा नुसते भिंतीकडे बघत होते.

आत गेल्यावर मी दोन्ही गठ्ठे दिले. डॉक्टरांनी स्वतः फडफडवले. पुन्हा फडफडवले. "ये सब हाथ से बनाया आपने? एक-एक?" मी मान हलवली. "कमाल है. बिलकुल साफ़ दिख रहा है."

बाबांना बोटं चिमटीसारखी मिटवायला-उघडायला लावली. मनगट फिरवून पाहिलं. चालवलं. मग म्हणाल्या, हात वर करा. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बाबांनी ओठ दाबले.

"कब से?"

बाबा एकदम हळू — "मार्च में. स्कूटर फिसल गया था."

मार्च! आठ महिने! घरी कुणाला पत्ता नाही!

"कंधा जाम है, भाई साहब. पार्किन्सन्स नहीं है. एक्स-रे करवाइए, फिर कसरत."

मी तिथेच रडायला लागले. हसतही होते. आईने बाबांच्या दंडावर चापट मारली, नेमकी उजव्याच. "स्कूटर पडली तेव्हा सांगता आलं नाही?" बाबा कळवळले, आणि डॉक्टरसुद्धा हसल्या.

आम्ही उठलो. डॉक्टरांनी औषध लिहायला फॉर्म पुढे ओढला आणि थांबल्या. कितीतरी वेळ तो कागदच बघत राहिल्या.

"ये किसने भरा है?"

"मैंने," आई म्हणाली.

"आपकी लिखाई हमेशा से ऐसी है?"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक ओळ नीट सुरू होते आणि पुढे अक्षर बारीक होत जातं. पत्त्याच्या शेवटी 'लखनऊ' मुंगीएवढं! आई अलीगंजच्या शाळेत तीस वर्षं हिंदी शिकवते. फळ्यावरचं तिचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येतं.

"आजकल हाथ थक जाता है," आई म्हणाली. "कापियाँ बहुत रहती हैं ना."

"आप ज़रा चलकर दिखाइए."

आई हसतच उठली. दारापर्यंत गेली, वळली. वळायला पाच छोटी छोटी पावलं लागली.

डॉक्टर हसल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर

बाबा आईच्या मागे मागे फिरताहेत.

२८ नोव्हेंबर

आईचे रिपोर्ट आले. पार्किन्सन्स. डॉक्टर म्हणाल्या, अक्षर असं बारीक होत जाणं ही त्याचीच सुरुवातीची खूण; फार लवकर कळलं, गोळ्यांनी बरीच वर्षं नीट जातील. आई म्हणाली, "तोंडं पाडून बसू नका. सोमवारी मला शाळा आहे."

तिच्या जुन्या चालीशी ताडून बघावं म्हणून सगळी कपाटं उपसली. बाबा आहेत, राघव आहे, दूधवाला आहे, कॉलनीतली कुत्रीसुद्धा आहेत. आईचं एकही चित्र नाही. इतक्या वर्षांत एकही नाही!