साध्या काचेचा चष्मा

बाबा, मुलीने मला जर्मनीला नेलं होतं. परत येऊन महिना होत आला. तिकडचं एक तुम्हाला सांगायचं राहिलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

ती राहते त्या गावात फार जुनं, फार मोठं दगडी चर्च आहे. वर मनोऱ्यात जायला आतून गोल जिना. मी सकाळपासून म्हणत होतो, आपण खालूनच पाहू. पण परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं आणि तिला मला वरून तिचं गाव दाखवायचं होतं. तिचं मन मोडवलं नाही. मी पुढे, ती मागे, तिच्यामागे परक्या लोकांची रांग. जिना इतका अरुंद की दोन्ही खांदे भिंतीला घासतात. एका वळणावर उजेड संपला. हाताला दगड ओला लागला, गार हवा तोंडावर आली, आणि बाबा, मी बेल्लमपल्लीत तुमच्या कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभा होतो.

तुम्ही मला कामावर लावायला नेलं आहे. सातवीनंतर शाळा सुटलेली, तुम्ही हातापाया पडल्यावर पाळीवरचा मुकादम, सरदार, तयार झालेला. डोक्यावर टोपी, टोपीवर बत्ती. चार पावलं उतरतो आणि पाय उचलत नाहीत. मी मागे फिरून उजेडात पळत येतो. पाळीवरची सगळी माणसं हसतात. सरदार म्हणतो, "क्या रे, लडका डर गया?" तुम्ही लगेच म्हणता, "डरा नै साब. आंखां कमजोर हैं उसके. अंधारे में दिखता नै."

पुढच्या रविवारी तुम्ही मंचेरियलहून चष्मा आणलात. आई म्हणाली, "काऊन, पोराच्या डोयाले काय झालं?" तुम्ही म्हणालात, "डाक्टरनं सांगतलं. बाहीर जाताना घालत जाय रे." त्याच्या काचा साध्या होत्या, नंबर नव्हताच. पुढे इचोड्याला दुकानात कामाला लागेपर्यंत मी तो घालत होतो. तुम्ही वारलात तेव्हा सरदार दारी आला होता; तेव्हाही मी तो घालूनच उभा होतो.

जिन्यात मी भिंत धरून उभा राहिलो. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, काऊन थांबले?" माझा श्वास तिला ऐकू येत असणार. मागचे लोक कुरकुरू लागले. मग ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि सगळी रांग एकेक पायरी मागे उतरू लागली. खालच्या रुंद जागेत एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगतलं तू त्याईले?"

"म्हटलं, माझ्या बाबांचे गुडघे दुखतात."

बाबा, माझे गुडघे ठणठणीत आहेत. तिला ते माहीत आहे. आदल्या दिवशी बाजारात मीच तिच्यापुढे चालत होतो. तरी मी लंगडू लागलो. थोडा वेळ कोणत्या पायाने लंगडायचं तेच ठरेना. तिने औषधाच्या दुकानातून गुडघ्याची पट्टी घेतली, बाकावर बसवून स्वतःच्या हाताने चढवली आणि म्हणाली, "पायऱ्या चढताना घालत जा." ती खाली वाकलेली होती. तिचं तोंड मला दिसलं नाही.

तुमचंही दिसलं नव्हतं. चष्मा माझ्या हातात देताना तुम्ही बुटांच्या नाड्या बांधत होतात. तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे की तुम्ही मला लोकांच्या हसण्यातून सोडवलं, की तुम्हाला माझी वाटलेली लाज झाकली. मी कधी विचारलं नाही. मी चष्मा घालून समोर आलो की तुम्ही दुसरीकडे पाहायचात, एवढं आठवतं. आता तिलाही विचारवत नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. "पट्टी घालता ना?" मी म्हणतो, "घालतो." आणि खरंच घालतो, आत्ताही पायात आहे. डोळ्यांवर चष्मा आहे, तो मात्र आता नंबरचा. हे पत्र मी कुठं टाकणार, चुलीतच जाईल. कधी कधी मी रिकाम्या घरात गुडघा दाबून पाहतो, बाबा. थोडा तरी दुखावा असं वाटतं.