निवृत्तीची रंगीत तालीम

१ डिसेंबर २०२५, सकाळी ७
आजपासून तालीम सुरू.

कांताला एप्रिलपासून घरी बसायचंय. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून गुडघे गेले, म्हणते. काल जेवताना विचारलं, स्वेच्छानिवृत्ती घेऊ का? दुसरा कोणी नवरा असता तर 'बघू' म्हणाला असता. मी प्लॅनर माणूस. एकवीस वर्षं स्टोअर्स मॅनेजर होतो, कंपनीत एक नट इकडचा तिकडे झाला नाही. (कंपनीच बंद पडली, तो भाग वेगळा.)

म्हटलं, आधी प्रॅक्टिकल करू. डिसेंबरभर घर फक्त माझ्या पैशांत चालवायचं. माझी पीएफची पेन्शन अधिक एफडीचं व्याज. कांताच्या पगाराला हात लावायचा नाही. जमलं तर तिने खुशाल नोटीस द्यावी.

पेन्शन तशी लहान आहे, पण दर महिन्याला येते.

७ डिसेंबर
काल विहारात अभिवादनाला गर्दी होती, त्यामुळे विषय काढला नाही. आज तिथल्या दोघांना तालमीबद्दल सांगितलं. ते बाकीच्यांना सांगतील.

१२ डिसेंबर
मार्केट यार्डातून घाऊक भाजी. कांद्याचं अख्खं पोतं घेतलं, कात्रजच्या मंडईपेक्षा पुष्कळ स्वस्त पडलं. रिक्षावाल्याने पोत्याचे वेगळे पैसे घेतले. प्रवासखर्च तालमीत धरायचा नाही असं ठरवलं.

कांता म्हणाली, दोन माणसांना एवढे कांदे? मी म्हटलं, निवृत्तीत लांबचा विचार करावा लागतो.

२० डिसेंबर
निम्म्याहून जास्त पैसे शिल्लक. लोक निवृत्तीचा उगाच बाऊ करतात. टीव्हीवर तो टायवाला कोटीकोटींच्या गोष्टी सांगतो. एकदा घरी बोलवून दाखवलं पाहिजे त्याला.

३१ डिसेंबर, रात्री
तालीम यशस्वी! सगळा खर्च भागून पैसे उरले.

कांताने आज तीन महिन्यांची नोटीस दिली. एकतीस मार्च शेवटचा दिवस. येताना बाकरवडी घेऊन आली. हसत होती. पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की ना हो? मी म्हटलं, अगं, सिद्ध झालंय.

४ जानेवारी २०२६
विहारातून फोन. 'निवृत्ती आणि आर्थिक स्वावलंबन' यावर आठ फेब्रुवारीला बोलाल का, सर? मला 'सर' म्हणाले. होकार दिला.

९ जानेवारी
कांता चपात्या लाटत होती. म्हणाली, पगाराचं खातं आता पेन्शनचं होईल, त्यातून काय काय आपोआप जातं ते एकदा बघून ठेवू. आणि लाटता लाटता सांगत गेली. लाइटबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, दूध, मेडिक्लेम, प्लॉटचा हप्ता.

डिसेंबरातही गेलं का हे, असं मी सहज विचारलं. म्हणाली, जाणारच की, दर महिन्याला जातं.

म्हणजे महिनाभर मी भाजी, इस्त्री आणि पेपर एवढाच संसार चालवला.

प्लॉट ही माझी आयडिया. भोरच्या पुढे, निवृत्तीनंतर फार्महाऊस. कर्ज तिच्या नावावर, कारण बँकेला पगारदार माणूस लागतो. पगाराची अर्धी पेन्शन येणार, त्यातून हप्ता गेला की उरणार काय? तिची ग्रॅच्युइटी आली तरी कर्ज फिटत नाही. तीनदा हिशोब केला. एकदा फिटलं, पण तो हिशोब चुकला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती एवढी मजेत होती. उद्या सांगू.

१५ जानेवारी
घाबरायचं कारण नाही. प्लॉट विकायचा, विषय संपला. ज्याच्याकडून घेतला त्या एजंट विक्रमला भेटलो. म्हणाला, रस्ता नाही काका, गिऱ्हाईक कुठून आणू? मी चढ्या आवाजात विचारलं, मग रस्ता कधी होणार? म्हणाला, हे बाकी सगळ्यांनी घ्यायच्या आधी विचारलं होतं.

उद्धट मुलगा आहे. एप्रिलपर्यंत रस्ता होऊही शकतो.

२२ जानेवारी
कन्सल्टन्सी सुरू करायचं ठरवलं. मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याला गोडाऊनसाठी माणूस हवाय असं कळलं, गेलो. त्याने चहा पाजला, वय विचारलं, मग कॉम्प्युटरवर स्टॉक टाकता येतो का विचारलं. मी म्हटलं, आमच्या वेळी सगळं डोक्यात असायचं. त्याने आणखी एक चहा मागवला आणि म्हणाला, काका, आता आराम करा.

कळवतो म्हणालाय.

२७ जानेवारी
अनिरुद्धकडे वाकडला गेलो. शेवटी मुलगा आहे, विश्वासात घ्यायला हवं. चांगल्या पगारावर आहे, हप्त्याचा भार काही दिवस उचलेल.

तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, बाबा, मोठा फ्लॅट बघतोय, आईची ग्रॅच्युइटी आली की डाउन पेमेंटला थोडी हेल्प होईल का? तुमचं प्लॅनिंग सॉलिड आहे असं आई सगळ्यांना सांगते.

मी 'बघू' म्हणालो. येताना बसमध्ये फार एकटं वाटलं.

८ फेब्रुवारी
व्याख्यान झकास झालं. हॉल भरलेला. 'निवृत्तीची आधी तालीम करा' हा मुद्दा लोकांना फार आवडला, दोघांनी वहीत लिहून घेतला. टाळ्या वाजल्या तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली कांता पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

१४ फेब्रुवारी
आडवळणाने सुरुवात केली. म्हटलं, घरी बसल्याने गुडघे जास्त आखडतात असं डॉक्टर म्हणतात. म्हणाली, कुठले डॉक्टर? मी म्हटलं, सर्वसाधारण डॉक्टर. तिचा जन्म डॉक्टरांत गेलाय, हे लक्षात राहिलं नाही.

२१ फेब्रुवारी
पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. शनिवार पेठेतल्या एका स्टुडिओत गेलो. कांताने नवी साडी नेसली होती. फोटोवाला तीनदा म्हणाला, ताई ठीक आहेत, साहेब, तुम्ही जरा हसा.

परत येताना रिक्षात म्हणाली, एक एप्रिलला गजर लावायचा नाही. सातपर्यंत झोपणार. मग गॅलरीत बसून चहा, आणि तो तुम्ही करायचा. एवढंच मागते बाई. तिचा हात माझ्या हातावर होता.

मला भीती वाटते. कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. झोप लागत नाही. तिला वाटतं मी आहे, आणि माझ्याकडे काहीही नाही.

५ मार्च
बस्स. उद्या सकाळी चहा घेताना स्पष्ट सांगायचं. वाक्यं पाठ केली आहेत.

६ मार्च
चहा घाईत झाला. तिला लवकर जायचं होतं.

११ मार्च
ती दमून आली. अशा वेळी सांगणं माणुसकीला धरून नाही.

१८ मार्च, रात्री
दिवा मालवल्यावर कांताने विचारलं, अहो, खरं सांगा, मी नोकरीतून थांबले तर चालेल ना?

समोरून चालून आलेली संधी. अंधारच होता, तोंडही दिसलं नसतं.

मी म्हणालो, न चालायला काय झालं? तिने कूस बदलली.

२४ मार्च
कांताने आज नोटीस मागे घेतली. साहेबांनी लगेच मंजूर केलं, म्हणे अनुभवी माणसं हवीच आहेत. आता अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं.

चपला काढता काढता सांगितलं. मी म्हटलं, अगं, का? मला विचारायचं तरी! थोडा रागही आणला आवाजात.

ती खुर्चीत बसली आणि गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, डिसेंबरात मला वाटलं होतं, हप्त्याचं तुम्ही काहीतरी बघितलं असेल. नऊ जानेवारीला तुमचा चेहरा बघितला आणि कळलं. मग वाट बघत राहिले. नोकरीचं काय, केली असती आणखी. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. गेल्या आठवड्यात तर सरळ विचारलं.

मी म्हटलं, मी सांगणारच होतो. म्हणाली, हो. आणि भात लावायला उठली.

भांडली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च
कांता पहाटे नेहमीसारखी ड्यूटीवर गेली. मी स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बसची पायरी उंच होती. दांडा धरून ती चढली, मागे बघितलं नाही. सकाळची गर्दी असते, बघायला वेळ नसतो.

तीन वर्षं म्हणजे भरपूर वेळ आहे. आता शिस्तीत नवा प्लॅन करायचा.

दुपारी तिच्या वॉर्डातल्या पायल सिस्टरचा फोन आला. मागे गोंगाट होता. आज फेअरवेल ठरलं होतं, त्याच केकवर मजकूर बदलून 'वेलकम बॅक' लिहून घेतलंय म्हणाली. कांता मॅडम गेल्या असत्या तर आमचं काही खरं नव्हतं, काका. थँक्यू सांगायला फोन केला. मॅडम म्हणाल्या, पैशाची काही अडचण नव्हती, मिस्टरांचं प्लॅनिंग पक्कं आहे. पण घरी बसून मला करमणार नाही हे मिस्टरांनीच ओळखलं आणि त्यांनीच समजावलं.

मागे कांताचा आवाज आला, अगं ठेव आता, त्यांची झोपायची वेळ आहे.

पायल पुन्हा म्हणाली, खरंच थँक्यू, काका.

मी म्हणालो, वेलकम.