पेटीतले आजोबा

मयूर विहार, दिल्ली
१० नोव्हेंबर २०२४

चि. विनयास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वरच्या मजल्यावरच्या पुष्करनं तुझ्या शाळेसाठीची पेटी अखेर पुरी केली. दिसायला डब्याएवढी. आत छोटा कॉम्प्युटर, सोबत सोलरची पाटी आणि टॅब. इंटरनेट नसलं तरी पेटी स्वतःचं वायफाय सोडते आणि मुलांना टॅबवर धडे दिसतात. सहावीपर्यंतचं सगळं त्यात आहे म्हणे. मला हे कळायला दोन वेळा चहा करावा लागला.

अडचण एकच होती. चांगले व्हिडिओ हिंदीत नाहीतर इंग्रजीत. पुष्कर म्हणाला, काका, तुम्ही मराठी शाळेत शिकलात, तुम्हीच मराठीतून वाचा. म्हणून सध्या रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून धडे वाचतो आणि रेकॉर्ड करतो. पहाडगंजची शाळा खरी, पण पन्नास वर्षांत बरेच शब्द घरंगळून गेले. परवा ढगाला बादल म्हणालो. शेजारच्या इंदुमतीबाई समोर बसून चुका काढतात.

बाहेर धूर इतका की मेट्रो नुसती ऐकू येते. ती ढगांतूनच जात असावी असं वाटतं.

आता मनातलं सांगतो, रागावू नकोस. यात माझा स्वार्थ आहे. सातपुड्यात तुला सहा वर्षं झाली. दर वेळी लिहितेस, मी आले तर मुलांना कोण शिकवणार? आता पेटी शिकवेल. नोएडात असे धडे बनवण्याच्या नोकऱ्या आहेत, पुष्कर चौकशी करतो आहे. तुझी आई गेल्यापासून या घरात माझाच आवाज मला ऐकू येतो. गुढीपाडव्यापर्यंत कायमची ये.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, आणि पत्र टाळू नकोस.

तुझा,
बाबा


उंबरपाडा, नर्मदाकाठ
१ डिसेंबर २०२४

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

पेटी पोचली. धडगावपर्यंत जीपवाल्या जयदीपच्या गाडीनं आणि पुढे होडीतून, एका बाईच्या मांडीवर, लेकरासारखी. शाळेत लावली तेव्हा अर्धा पाडा गोळा झाला होता. तुमचा आवाज आला आणि लहानगी मुलं पेटीच्या मागे जाऊन बघून आली, कोण बसलंय म्हणून. तुमचं नाव पडलंय पेटीतले आजोबा.

प्रत्येक धड्याआधी तुम्ही "चलो बच्चों, बिल्कुल चुप" म्हणता, ते काढायचं राहिलं वाटतं. आता शेळ्यांनासुद्धा सगळे चलो म्हणूनच हाकतात! या मुलांची घरची बोली पावरी. मराठी त्यांना शिकावी लागते. तुम्ही मध्येच अडखळून शब्द शोधता ना, ते त्यांना फार आवडतं. द्वारका म्हणाली, आजोबा पण आमच्यासारखेच शिकताहेत. द्वारका सहावीतली, हाताला लागेल ते चालवून बघणारी मुलगी.

सगळ्यांत आवडला समुद्राचा धडा. पाणी यांना नवं नाही, धरणामुळे नदी अगदी दारात आलेली. पण खारं पाणी आणि पलीकडचा काठ नाही, हे काही पटत नाही. सकाळी धुकं नदीवर उतरतं, समोरचा डोंगर पुसला जातो, तेव्हा मुलं काठावर उभी राहून म्हणतात, आज समुद्र आला. त्यांचे प्रश्न त्यांच्याच आवाजात मेमरी कार्डावर भरून पाठवते आहे.

थंडी वाढली असेल, कानटोपी घाला. तुमचा लोभ मला इथवर पुरतो, तो पाठवत राहा.

तुमची,
विनया


मयूर विहार, दिल्ली
२२ डिसेंबर २०२४

चि. विनयास अनेक आशीर्वाद, वि. वि.

कार्ड मिळालं. बाल्कनीत उन्हाला बसून मी आणि इंदुमतीबाईंनी सगळं ऐकलं. मुलांच्या आवाजामागे पाणी हलताना ऐकू येत होतं, एक कोंबडाही मध्येच आपलं मत देत होता. खाली भाजीवाला मटर मटर ओरडत होता, तोही लांबचा वाटला.

जेवून खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात मेट्रोचा डबा निळ्या पाण्यानं भरलेला आणि खिडक्यांना नाकं लावून तुझी मुलं बसलेली. कोणी बुडत नव्हतं. पुढचं स्टेशन कुठलं, असं मला विचारत होती आणि मला मराठीत सांगता येत नव्हतं. जागा झालो तेव्हा वाईट वाटलं नाही.

प्रश्नांची उत्तरं वाचून, शोधून भरली आहेत. नद्या दगडांतलं मीठ झिजवत नेतात आणि समुद्रात टाकतात, म्हणजे त्यांच्या डोंगरातलं थोडं मीठ तिथे आहेच, असं सांगितलंय. अच्छा, आता एक सांग. शेळ्यांचंसुद्धा लिहिलंस, मी विचारलं तेवढं सोडून. येणार की नाही?

उत्तर कसंही असो, मला ते चालेल असं म्हणणार नाही. लोभ मात्र आहे तिथेच राहील.

तुझा,
बाबा


उंबरपाडा
२६ जानेवारी २०२५

पेटीतल्या आजोबांना द्वारकाचा नमस्कार.

बाईंना खूप ताप आला. मलेरिया आहे असं सांगतात. त्यांना होडीतून नेलं. आता तालुक्याच्या दवाखान्यात आहेत. माझा काका बघून आला. तो म्हणाला सुई लावली आहे, बोलतात, पेज खातात. म्हणून तुम्ही रडू नका.

शाळा बंद नाही. मी पेटी लावते. लहान मुलांना तुमचं बोलणं समजत नाही तिथे मी थांबवते आणि आमच्या बोलीत सांगते. भागाकाराचा धडा मलाच समजला नाही. तो परत परत लावला. मग समजला. एक मुलगा घरी पळाला होता, त्याला आणला. आज झेंडा पण लावला.

बाई नाहीत तर शाळा मोठी वाटते. तुम्ही पेटीतून माझ्याशी बोलता पण मी बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं.

माझ्यावर माया करा. मी पण करते.

द्वारका


उंबरपाडा, नर्मदाकाठ
२० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

द्वारकाच्या पत्रानं तुमचा जीव टांगणीला लागला असेल. दवाखान्यातून फोनवर मला धड बोलताही आलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी आता बरी आहे. फक्त चढ चढताना दम लागतो.

मला दवाखान्यात नेत होते त्या सकाळी धुकं दाट होतं. मी होडीत पडून. काठ दिसेनासा झाला आणि पाण्यावरून तुमचा आवाज आला, चलो बच्चों. शाळेत धडा लागला होता. तापात मला वाटलं मी लहान आहे, पहाडगंजच्या आपल्या जुन्या घरी आहे, परकर-पोलकं घातलंय आणि तुम्ही शाळेला उशीर झाला म्हणून हाका मारताय. मी ओ दिली म्हणे. नावाडी घाबरला.

तीन आठवड्यांनी परत आले. शाळेच्या दाराशी उभी राहिले तर कोणाचं लक्षच नाही. द्वारका टॅब थांबवून पावरीत काहीतरी सांगत होती, मुलं माना डोलवत होती. मला इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. द्वारकानं मला पाहिलं. म्हणाली, बसा बाई, एवढं राहिलंय. मी शेवटच्या रांगेत बसले, बाबा. खूप वेळ बसले.

तुमचं खरं ठरलं. आता माझ्यावाचून अडत नाही. आजवर मी "यांचं कसं होईल" म्हणून राहिले असं समजत होते, तुम्हालाही तेच सांगत होते. ते कारण गेलं. सामान बांधायचं म्हणून मनाशी घोकून बघितलं, पण निघावंसं वाटेना; उलट आता राहायची सक्ती नाही म्हणून मोकळं वाटायला लागलं. मला इथे राहायचं आहे. कोणाला गरज आहे म्हणून नव्हे, मला आवडतं म्हणून. द्वारकाला सातवीचं गणित हवंय, तिच्याबरोबर बसून सोडवायचंय.

पाडव्याला येईन, पण परत जाईन. तुम्हाला दुखवून लिहिते आहे हे कळतंय. तरीही लोभ मागते.

तुमची,
विनया


मयूर विहार, दिल्ली
८ मार्च २०२५

चि. विनयास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी रेकॉर्डिंग केलं नाही. मला सर्दी झाली आहे असं इंदुमतीबाईंना सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी गुपचूप कढी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सातवीचं गणित घेऊन बसलो. स्वयंपाकघरात काही जमेना. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, जिन्यावर पोरं. एक अपूर्णांक चार वेळा वाचला. शेवटी उठलो आणि तुझ्या खोलीत जाऊन बसलो. तिथे शांत असतं. तू गेलीस तशी ठेवली होती ती खोली, चादरसुद्धा अधूनमधून बदलत होतो.

मग तुला न विचारता एक काम केलं. पुष्करला बोलावलं. पलंग चौकीदाराच्या मुलीला दिला. भिंतींना तुझ्या आईच्या गोधड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. मध्ये टेबल आणि माइक. द्वारकाला सांग, भागाकार मी पुन्हा वाचतो आहे, सावकाश. इंदुमतीबाई गोष्टी वाचणार आहेत. त्यांचा आवाज माझ्याहून गोड आहे, ही गोष्ट त्यांना कळवू नकोस.

पाडव्याला ये. झोपायला हॉलमधला दिवाण आहे, पाहुण्यांना देतो तोच. दुपारी खोलीत रेकॉर्डिंग चालू असलं तर दार वाजवू नकोस.

तिकीट मी काढलं आहे. येण्याचं, आणि जाण्याचंही.

तुझा,
बाबा