दृष्टीचा रकाना

मानिझालेस,
गुरुवार, १४ ऑगस्ट

प्रिय रोसाल्बाताई,

तुझी पाठ आता कशी आहे? मी बरी आहे, म्हणजे मंगळवारपर्यंत होते.

तुझं पत्र मिळालं. ‘युरानी माझ्यावरच गेलीय, डोक्यात नुसता भुसा. गणितात पुन्हा नापास. सोमवारी शाळेतून काढते आणि खानावळीत हाताशी घेते,’ असं लिहिलंयस. ताई, पोरीचं काही ठरवण्याआधी हे वाच.

मुलांच्या बुद्धीच्या नि स्मरणाच्या चाचण्या घेणं हे माझं काम, तुला माहीतच आहे. मंगळवारी विद्यापीठात जुने गठ्ठे लावताना आपल्या गावच्या शाळेचा गठ्ठा निघाला. त्यात तुझा कागद होता, तू दहा वर्षांची असतानाचा.

ऐकलेले शब्द आठवून सांगणं: बारापैकी बारा. वीस मिनिटांनी पुन्हा विचारले, तरी बारा. माझे आठ होते. इतकी मुलं तपासली मी, असे बारा क्वचितच पाहिले. आणि आकृती बघून काढणं, शून्य. चित्रातली चूक शोधणं, शून्य. खाली शेरा: ‘कुवत बेताची. हातकामाला घालावे.’ त्या एका ओळीवर बाबांनी तुझी शाळा सोडवली.

ऐकून सगळं येतं आणि बघून काहीच येत नाही, तर आधी डोळे तपासावेत, हे आमच्याकडच्या नवशिक्यालाही कळतं. मी चिडून चिडून सगळ्यांना तो कागद दाखवत सुटले. मग मला चष्मा आठवला.

आपल्या दोघींत एकच चष्मा होता. सकाळच्या पाळीला तुझा, दुपारच्या पाळीला माझा. बाराला फाटकाशी तू तो माझ्या हातात द्यायचीस. चाचणीला मात्र दोन्ही पाळ्यांना सकाळीच बोलावलं होतं. ‘माझा नंबर आधी आहे, दे ना जरा,’ मी म्हटलं. ‘लगेच आण हं, नूबे,’ म्हणत तू दिलास. मी आणला नाही. मला ओरडा बसेल म्हणून तू कुणाला सांगितलंही नाहीस.

हे मी विसरले होते, असं वर लिहून खोडलंय. विसरले नव्हते.

आणखी एक आहे. त्या कागदावर दृष्टीचा रकाना आहे. त्यात लिहिलंय, ‘उत्तम. धाकट्या बहिणीला विचारले.’ दारात चाचणी घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, ‘तुझ्या ताईला चष्मा लागतो का गं?’ तो माझ्या नाकावर होता. काढून घेतील म्हणून मी ‘नाही’ म्हटलं. आठ वर्षांच्या पोरीचं ते ‘नाही’ त्यांनी खरं धरलं, आणि तू आजवर स्वतःला मठ्ठ समजत आलीस.

नक्कल सोबत आहे. युरानीला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. शाळेतून काढू नकोस. कागद तिला वाचून दाखव, माझ्या खोटेपणासकट. तिची आई कोण होती ते तिला कळू दे.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. खाली नुसतं नाव लिहितेय. त्याच्याआधी ‘तुझी’ लिहायचं की नाही, ते तू कळव.

नूबिया