हिरव्या खोडाची रोपं

कासारवाडी, १९५६

तीर्थरूप आईस, ज्योतीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

गेल्या वर्षी इथल्या रोपवाटिकेत माझ्या जोडीला काम करणाऱ्या इनायतने जांभळ्या आणि हिरव्या खोडाच्या वांग्यांचा संकर केला. सगळी रोपं जांभळ्या खोडाची आली. त्यांचंच बी यंदा पेरलं, तर मधूनमधून हिरवी खोडं निघाली. मालक त्याला म्हणाले, "चांगलं बी विकलंस आणि भेसळ पेरलीस. चौकीतच देतो."

मी मध्ये पडलो. "मालक, माझे आईबाप काळ्या डोळ्यांचे, पण भाऊ दोन्ही आज्यांसारखा घारा. त्याला परका म्हणायचं का? गेल्या वर्षीच्या त्याच रोपांवरचं बियाण्याचं वांगं तुमच्या माजघरात टांगलंय. त्याला इनायतचा हात लागलेला नाही. ते पेरा. चारांत एक हिरवं निघेल. नाही निघालं तर मलाही चौकीत न्या."

बोललो खरा, पण तेव्हापासून धास्ती होती. चौथा हिस्सा हा शेवटी अंदाज, आणि वाफा एवढासा.

त्या वांग्याच्या बियांची रोपं आज मालकांनी स्वतः मोजली. जवळजवळ चौथा हिस्सा हिरवा निघाला. मग ते म्हणाले, "इनायत, पाणी घाल ह्यांना."

"घालतो, मालक. आधी घरी फरीदाला सांगून येतो," तो म्हणाला (फरीदा त्याची बायको) आणि परवानगीची वाट न बघता निघाला.

आपल्या घाऱ्या भैरूला आशीर्वाद.

तुझा,
ज्योतीराम