न वाचता पाठवायची पत्रं

प्रिय ताई,

आधी खाली बस. उभ्यानं वाचू नकोस, आणि सगळं वाचून होईपर्यंत फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तर ऐक. तुझ्या वर्गातल्या पोरांची जी पत्रं वाचून परदेशातल्या त्या मराठी शाळेनं तुला नोकरीवर बोलावून घेतलं, ती पोरांनी लिहिलेली नव्हती. मी लिहिली होती. पहिल्या खेपेची एकतीस, आणि पुढच्या तीन खेपांचीसुद्धा. झालं, सांगून टाकलं. आता मनसोक्त शिव्या घाल, मी थांबतो.

घातल्यास? बरं. हे मुद्दाम हातानं लिहून दुकानातल्या स्कॅनरवरून पाठवतोय, म्हणजे अक्षर बघून तरी विश्वास ठेवशील. नाहीतर तू म्हणणार, याला दोन ओळींचा अर्ज धड लिहिता येत नाही, भाषेच्या पेपरात दोनदा गचकलाय, हा कसली पत्रं लिहितोय! हेच डोकं फिरवतं माझं. गुन्हा कबूल करायला जावं, तर तेवढाही गुन्हा आपल्याला जमणार नाही अशी लोकांची खात्री.

त्या दिवशी तू शाळेतून आलीस, जाडजूड पाकीट माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालीस, पोस्टात टाकून ये, वाटेत टिवल्याबावल्या करू नकोस. मी केल्या नाहीत. सरळ दुकानात गेलो, कारण एका वकिलाचा प्रिंटर मालकांना तासाभरात दुरुस्त हवा होता. आता पाकीट उघडायची काही गरज नव्हती, हे मलाही कळतं. पण ते चिकटवलेलं नव्हतं, नुसतं दुमडलेलं होतं, आणि दुमडलेली वस्तू माझ्या हातात देणं ही तुझी चूक. मी पत्रं काउंटरवर पसरली आणि एक डोळा त्यांच्यावर ठेवून शाई भरायला लागलो. सातव्या पत्राला बाटली आडवी झाली. ती शाई बोटावरून आठवडाभर जात नाही, तिथं कागदांची काय कथा! मालक धावत आले, वकिलाचा प्रिंटर उचलून बाजूला ठेवला, पत्रांकडे बघितलं आणि म्हणाले, बाईंच्या हातून मरण्यापेक्षा तू आजच कुठंतरी परागंदा हो.

परागंदा व्हायला कुणाकडे जायचं तेही सुचेना. मग समोरून दोन वह्या आणल्या आणि बसलो लिहायला. नावं अजून वाचता येत होती, आणि मजकूर तर पाठच होता, कारण वाचलेली सातही पत्रं एकच होती. तू फळ्यावर लिहून दिलेलं दिसत होतं. प्रिय मित्रा, तू कसा आहेस, मी मजेत आहे, आमची शाळा छान आहे, शाळेसमोर एक मोठे झाड आहे. एकतीस पोरं आणि झाड एकच! तीन पत्रं मी इमानदारीत तशीच उतरवली. चौथ्याला जांभई आली. म्हटलं, आपली ही गत, तर तिकडचं पोरगं हे वाचून बाकावरून खाली पडेल. मग चौथ्यात एक पाल घातली. आमच्या भिंतीवरची पाल ही आमची भाडेकरू आहे, भाड्यापोटी रोज डास खाते, पण गेल्या महिन्यापासून थकबाकी चालू आहे. पाचव्यानं लिहिलं की माझं अक्षर डोंगर चढतं त्याला माझा इलाज नाही, बाक डुगडुगतो आणि शेजारचा दिवसभर खोडरबर घासतो. एका मुलीनं लिहिलं की आमच्या बाई खडू फेकून मारतात, पण नेम असा की बडबड करणारा सुटतो आणि मागचा मार खातो, म्हणून आता मागचेच पुढच्यांना गप्प करतात. कधी डाव्या हातानं, कधी पेन्सिलीनं, कधी वही मांडीवर घेऊन. दिवे लावायच्या वेळी एकतीस पुरी झाली. खोटं कशाला बोलू, मजा आली.

तेवढ्यावर भागलं असतं, पण उत्तरं आली. ज्या पोराच्या नावावर मी पाल घातली होती तो तुझा भोपळा, त्याला तिकडून एका मुलीनं विचारलं, तुझ्या पालीनं थकबाकी फेडली का? तो पालीला इतका घाबरतो की तिचं नाव वाचूनच रडकुंडीला आला. मी शाळेच्या फाटकापाशी गाठलं सगळ्यांना. वाटलं, लहान पोरं आहेत, चॉकलेट दिलं की गप्प बसतील. लहान म्हणे! ती पहिल्या बाकावरची चष्मेवाली, हाताची घडी घालून मला म्हणते, दादा, पुढची पत्रं पण तुम्हीच लिहिणार ना, मग आम्ही कुणाला काही बोलत नाही. तुझा अख्खा वर्ग वर्षभर मला राबवत होता, ताई. वर मागण्या. मला जुळा भाऊ द्या. माझी आजी सर्कशीत होती असं लिहा. याच्या पालीपेक्षा मोठं काहीतरी मला द्या, नाहीतर बाईंना सांगतो. मालक मला पगार देतात, पण एवढं काम त्यांनीही कधी करून घेतलं नाही.

आणि तू एकदा, फक्त एकदा, एखादं पत्र वाचलं असतंस तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तुमचा तो शिक्षकांचा ग्रुप! देशोदेशीचे मास्तर तिथं गोळा झालेत, कुणी पत्रव्यवहाराला वर्ग शोधतोय, कुणी परदेशातल्या जागा विचारतोय, कुणी चाचणी कशी घ्यावी यावर प्रवचन देतोय. तिथं कुणीतरी लिहिलं की पत्र म्हणजे उत्तरपत्रिका नव्हे, मुलांची पत्रं शिक्षकानं वाचूच नयेत, मुलांनी घरी लिहून बंद पाकिटात आणावीत आणि ती तशीच पाठवावीत. हा सल्ला जगात कुणी पाळला असेल तर तू! आई वर्षानुवर्षं सांगतेय ओले केस घेऊन बाहेर पडू नकोस, ते ऐकलं नाहीस. पण कोण कुठल्या मास्तरानं सांगितलं, तर दुसऱ्या खेपेपासून पाकिटांना हातसुद्धा लावला नाहीस.

मग तिकडच्या मोठ्या बाईंनी त्यातली पत्रं ग्रुपवर टाकली, नमुना म्हणून. मुक्त लेखनाला गुण कसे द्यावेत ते शिकवायला! ज्याला भाषेत कधी पासापुरते मिळाले नाहीत त्याला एकतीसपैकी अठ्ठावीस पत्रांत ‘उत्कृष्ट’. उरलेली तीन ‘साधारण’ होती, ती मी फळ्यावरून उतरवलेली. तू जेवताना पालीचं पत्र आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलंस. बाबा हसले, आई हसली, आणि तू डोळे पुसून म्हणालीस, मला वाटायचं भोपळ्याला काही सुचत नाही, मीच त्याला ओळखलं नाही. मी उगाच आणखी आमटी वाढून घेतली. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तू त्याला शेवटच्या बाकावरून उचलून पुढं बसवलंस, आणि तो असा छाती काढून चालायला लागला की मला सांगवेना. मग नोकरीचं पत्र आलं. तुमची पद्धत आमच्या मुलांना हवी आहे म्हणे. आईनं ते शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवलं. विमानतळावर मी तीनदा तोंड उघडलं, खरं सांगतो. तिसऱ्यांदा तू विचारलंस, पाणी हवंय का तुला, आणि मी हो म्हणालो.

आता तू तिथं जाऊन पाच महिने झाले. गेल्या महिन्यात ग्रुपवर तू विचारलंस की माझ्या आधीच्या वर्गातली मुलं भरभरून लिहायची आणि इथली फक्त मी मजेत आहे, शाळा छान आहे एवढंच लिहितात, माझं काय चुकतंय? ऐंशी उत्तरं आली, मी सगळी वाचली. एक म्हणतो दर आठवड्याला चाचणी घ्या. दुसरा म्हणतो चाचणी बंद करा. तिसरी म्हणते गुणांऐवजी तारे द्या, चौथी म्हणते ताऱ्यांनी मुलं लालची होतात. एका महाभागानं चार रकान्यांचा तक्ता पाठवला आणि तू तो छापून भिंतीवर लावलास! फोटो बघून मी कपाळ बडवून घेतलं. ऐंशी शहाणी माणसं, पण एकालाही सुचलं नाही की मुळात ती पत्रं पोरांनी लिहिली होती का, हे आधी बघा.

आता दुसरी कबुली, तीही आजच उरकून घेतो. ग्रुपवर ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत ना, फोटोच्या जागी शाईपेन लावलेले, ज्यांना तू आदरणीय सर म्हणतेस? तो मी. सुरुवात निव्वळ टवाळकी म्हणून केली होती. कुणीतरी विचारलं, चाचणीत प्रश्न किती असावेत, मी लिहिलं, जेवढे तपासताना तुम्हाला स्वतःला झोप येणार नाही तेवढे. लोकांनी ते फळ्यावर लिहिलं! मग तू रडकुंडीला आलेली दिसलीस, म्हणून तुला जरा शहाण्यासारखं लिहिलं. थोडी विश्रांती घ्या, त्या तक्त्याचं फार मनावर घेऊ नका, असं काहीबाही. तू लगेच ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस, आणि त्यासाठी मला पासष्ट वर्षांचं व्हावं लागलं.

आणि हे सगळं आजच का लिहितोय, तर आज सकाळी तू सरांना जे कळवलंस त्यामुळे. राजीनामा लिहून तयार आहे, सोमवारी देणार, घरी कुणाला बोलले नाही, इथल्या शाळेनं माझ्यात जे पाहिलं ते माझ्यात कधी नव्हतंच असं वाटतं, आशीर्वाद असावा. ताई, सरांनी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा पुसलं. सर काय सांगणार, सांगायचं ते मलाच होतं. तिथली पोरं तुझ्या इथल्या पोरांपेक्षा वाईट लिहीत नाहीत. इथलीही तसंच लिहायची, तू बिघडलेली नाहीस. आता तू म्हणशील, म्हणजे मला येत काहीच नव्हतं. थांब. मी लहानपणी काही उपद्व्याप केला की तू मला माजघरात बसवून एक कोरं पान द्यायचीस, आठवतं? म्हणायचीस, काय झालं ते लिही, खोटं लिहिलंस तरी चालेल, पण मला पटलं पाहिजे, नाही पटलं तर कान पिळीन. शेजारच्यांची काच फुटली तेव्हा मी चेंडूच्या बाजूनं लिहिलं होतं, आणि तू हसून सोडून दिलंस. माझे कान अजून लांब आहेत ते सुरुवातीच्या पानांमुळे. ती पत्रं लिहायला मला दुसरं कुणी शिकवलं, सांग बरं! शाळेत तर मला दोनदा नापास केलं. तुझी पद्धत आहे, फक्त ती तू घरात वापरलीस आणि वर्गात गेल्यावर फळ्यावर झाड लिहून दिलंस. सोमवारी राजीनामा देऊ नकोस. सोमवारी कोरी पानं वाट, म्हणावं थाप मारा, पण मला पटली पाहिजे. आणि या वेळी वाच गं बाई ती! मोठ्या बाईंना खरं सांगून टाकायचा किडा तुझ्या डोक्यात वळवळणार, ओळखतो मी तुला. एक महिना थांब, तिथल्या पोरांची खरी पानं हातात येऊ देत, मग ती समोर ठेवून काय ते सांग, माझं नाव घेऊन सांग. पण तोवर पाया पडतो तुझ्या, कुणापाशी बोलू नकोस. आईला नको, ती अजून ते नोकरीचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते. भोपळ्याला कळेल असं काही करू नकोस, तो अजून पुढच्याच बाकावर बसतो. आणि ग्रुपवर तर अजिबात नको, सरांच्या भरवशावर सोळा मास्तरांनी सहामाहीचे पेपर काढलेत. कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस, ताई, प्लीज.

तुझाच,
कार्टा