शेठची शाल

रविवार, संध्याकाळ. पिंप्राळा.

कंबर आपोआप वाकली. दुसरं कारण मला सापडत नाही.

धुळ्याच्या महोत्सवात आज दुपारी आमच्यासारख्या नव्या पंक बँडना स्टेज दिलं होतं. आमची तीन गाणी. शेवटचं माझ्या वडिलांवर, अप्पांवर, मीच लिहिलेलं. धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिथल्या शेठनं दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी दुसरा माणूस लावला. आज तोच शेठ प्रमुख पाहुणा म्हणून समोरच्या सोफ्यावर होता. मला उलट बरंच वाटलं. त्याच्याकडे बघत घसा फाटेपर्यंत ओरडले. तो पायानं ठेका धरत होता. शब्द कळले नाहीत, की त्याला काही आठवलंच नाही?

मग सत्कार. त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली. "छान गातेस बेटा. कुणाची तू?"

अप्पांचं नाव घ्यायचं होतं. पूर्ण नाव, माइकवर. त्याऐवजी मी वाकून त्याच्या पाया पडले. अंगावर शाल आली की वाकायचं, लहानपणापासूनची सवय. पण त्याच्या?

परतीच्या गाडीत आमचा ड्रमवाला पंकज माझ्याजवळून उठून पुढे जाऊन बसला, थेट जळगावपर्यंत. विचारलं असतं तर काय सांगणार होते, कंबर वाकली म्हणून?

घरी अप्पांनी शाल चाचपून पाहिली. "भारी शे. कोनी दिन्ही?"

"आयोजकांनी," मी म्हटलं.

उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी तिची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली. पाहुणे आले की दाखवणार आहेत.